प्राथमिक शिक्षिकेला 'धर्म' हा खास विषय हवाच कशाला?

लेस्टरची_लेक

पुण्याहून इतिहासात बी.ए., लग्नानंतर इंग्लंड, आणि आता लेस्टरच्या एका प्राथमिक शाळेत टीए, म्हणजे वर्गशिक्षकाच्या हाताखालची मदतनीस. पुढच्या सप्टेंबरपासून पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक होण्याचा कोर्स, करायचं पक्कं आहे. समोर दोन कोर्स आहेत. एक साधा प्राथमिकचा. दुसराही प्राथमिकचाच, पण इतिहास, भूगोल आणि धर्मशिक्षण (इथे सगळे आरई म्हणतात) यांवर जादा भर असलेला. दोन्हींत एकच वर्ष, शेवटी तेच क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता. नवऱ्यापासून हेडटीचरपर्यंत सगळे म्हणतात, साधा घे. मी दुसरा घेणार आहे. का ते सांगते, मग हाणा.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं. इंग्लंडच्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण 1944 पासून सक्तीचं आहे, पण ते राष्ट्रीय अभ्यासक्रमात येत नाही. कायद्याप्रमाणे स्थानिक पातळीवर समिती बसते, अभ्यासक्रम ठरवते आणि दर पाच वर्षांनी तपासते. देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे त्यात दिसायला हवं आणि इतर प्रमुख धर्मांची दखलही हवी, एवढं कायदा सांगतो. शिकवतो कोण? वर्गशिक्षक. तोच गणित शिकवतो, तोच पीटी घेतो. साध्या कोर्सात त्याला या विषयाचे मोजके तास मिळालेले असतात.

मग होतं काय, तर कपाटात एकेका धर्माची एकेक पेटी. हिंदूंच्या पेटीत स्टीलचं पूजेचं ताट, घंटी, कुंकवाची डबी, छोटं निरांजन आणि टिश्यू पेपरात गुंडाळलेला गणपती. घंटी मुलांच्या हातांतून फिरते, प्रत्येक जण वाजवतो, तास संपतो. शिक्षक जरा उत्साही असेल तर पाण्यात मीठ विरघळवून 'ब्रह्म' समजावतो. छांदोग्य उपनिषदातली श्वेतकेतूची गोष्ट आहे ती, सुंदरच आहे. पण गोष्ट गाळून नुसतं मीठ दाखवलं की चौथीतली मुलगी मला विचारते, "मिस, तुम्ही घरी मिठाची पूजा करता?"

हे हसण्यावारी नेता येतं. 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम तणाव झाला, तेव्हा मात्र हसू आलं नाही. घरी ऐकलेलं मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांना ऐकवत होती. वर्गशिक्षक भला माणूस, पण त्याने दर वेळी विषय बदलला. काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मला ते शिकायचंय.

खडूफळा

ताई, कळकळ पोचली, पण कोर्स साधाच घ्या. बर्मिंगहॅममध्ये वर्गशिक्षक आहे, म्हणून जमिनीवरचं सांगतो.

शाळा वर्गशिक्षक नेमते, विशेषज्ञ नाही. मुलाखतीला वाचन आणि गणित बघतात, कारण सहावीच्या सॅट्स, म्हणजे सरकारी चाचण्या, त्याच्याच असतात. आरई आठवड्याला तासभर, तोही बुडाला नाही तर. आणि बऱ्याच शाळांत तो तास नेमका शिक्षकाच्या पीपीएच्या, म्हणजे तास न घेता नियोजन-तपासणीसाठी राखलेल्या, वेळेत टाकतात. म्हणजे शिक्षक नियोजन करत बसणार आणि आरई घेणार टीए. तुम्ही टीए आहात, तुम्हाला मी काय सांगू! वर्गशिक्षिका झालात की तुमचा लाडका विषय कदाचित तुमच्याच वर्गात दुसरं कुणीतरी शिकवत असेल.

पुढे विषयप्रमुख कराल म्हणाल. छोट्या शाळेत इतिहास, भूगोल आणि आरई तिन्ही एकाच नव्या माणसाच्या गळ्यात मारतात. जादा काम भरपूर, जादा पैसे क्वचित. 2025-26 साठी फी 9,535 पौंड, प्राथमिकला बर्सरी (सरकारी शिष्यवृत्ती) नाही, लंडनबाहेर सुरुवातीचा पगार 32,916 पौंड. त्यानंतर दोन वर्षं ईसीटी, म्हणजे नवशिक्या शिक्षकाचा देखरेखीचा काळ. त्या काळात माणूस रात्री वह्या तपासतो, श्वेतकेतू वाचत नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. इथल्या साधारण एक तृतीयांश प्राथमिक शाळा धार्मिक संस्थांच्या आहेत, त्यांतल्या बहुतेक चर्चच्या. आरईला सगळ्यात जास्त मान तिथे. पण त्यातल्या 'व्हॉलंटरी एडेड' शाळांना नेमणुकीत आपल्या धर्माच्या शिक्षकाला झुकतं माप द्यायची कायद्याने मुभा आहे. म्हणजे जिथे तुमच्या खास विषयाची कदर, तिथेच दार अर्धं बंद.

नास्तिक_नाना

मुळात शाळेत धर्म हवाच कशाला? वर तो रोजच्या सामूहिक प्रार्थनेचा नियम, तीही 'मुख्यत्वे ख्रिस्ती स्वरूपाची'. पालकांना मुलाला आरईतून काढून घेता येतं, आम्ही काढलं होतं. पोरगं लायब्ररीत बसून डायनोसॉर वाचायचं. काही बिघडलं नाही.

कार्डिफकर

नाना, वेल्समध्ये आता तसं काढता येत नाही. 2022 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात विषयाचं नावच 'धर्म, मूल्ये आणि नीती' झालंय. तो इतिहास-भूगोलासोबत मानव्यविद्यांच्या गटात बसवलाय आणि निरीश्वरवादी विचारही त्यात येतो, म्हणजे तुम्हीसुद्धा अभ्यासक्रमात आहात! सांगायचा मुद्दा, ही जोडी हवेतून आलेली नाही. धागाकर्तीला सीमा ओलांडून यायची तयारी असेल तर हा कोर्स इकडे जास्त उपयोगी पडेल, फक्त वेल्श थोडी शिकावी लागेल.

झेडपी_गुरुजी

सातारा जिल्ह्यातून. आमच्याकडे घटनेचं कलम 28 आहे, पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. धर्मांची माहिती देण्याला त्यातून आडकाठी नाही, असं 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, पण त्यासाठी वेगळा विषय काही आम्हाला नाही. तरी प्रसंग चुकत नाहीत.

चौथीला परिसर अभ्यास भाग 2, म्हणजे शिवाजी महाराज. अफझलखानाचा धडा आला की वर्ग पेटतो. पोरं आरोळ्या ठोकतात, आणि तिसऱ्या बाकावर मुलाण्यांचं पोरगं पुस्तकात मान घालून बसतं. मी तिथेच थांबतो. काझी हैदर महाराजांच्या दरबारात होते, दौलतखान आरमारात होता, हे सांगतो. आणि दौलतखानाचं नाव फळ्यावर लिहायला त्याच पोराला उठवतो. हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही. गावात राहिलो, त्याच्या आजोबांच्या ओट्यावर चहा प्यायलो, म्हणून सुचलं. कोर्सने हे येतं यावर माझा विश्वास नाही.

आणि एक शंका, राग मानू नका. तुम्ही हिंदू. हिंदूंची पेटी तुमच्या हातात आली की ती शिकवणी राहील की वकिली होईल?

लेस्टरची_लेक

गुरुजी, राग कसला. तुमचा चौथीचा तास मला बसून बघायचाय.

पण तुम्ही त्या गावचे आहात. आमचे सर दुसऱ्या शहरातून गाडीने येतात आणि साडेपाचला परत जातात. मुलांच्या घरचा ओटा त्यांनी पाहिलेला नाही, पाहणारही नाहीत. जिथे ओटा नाही तिथे शिकूनच यावं लागतं, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

वकिलीची शंका रास्त आहे. म्हणूनच कोर्स हवाय. घरच्या बळावर मी फक्त वारी आणि गणपती शिकवू शकते, तेही भक्तीने. मला खरी भीती ईस्टरची वाटते. येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे सात वर्षांच्या मुलांपुढे कसं ठेवायचं? 'असं घडलं' म्हणायचं नाही, 'असं काही घडलं नाही' असा सूरही लावायचा नाही, आणि तरी ख्रिस्ती माणसाला ते का लागतं हे पोचवायचं. हे मला आज येत नाही.

खडूफळा, पैशांचं आणि पीपीएचं तुमचं सगळं खरं. चर्चच्या शाळांचंही. पण फी दोन्हीकडे तीच असेल तर साध्यात मला जास्तीचं काय मिळणार, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. गणित-वाचन दोन्ही कोर्सांत आहेच. शिवाय इतिहासही आहे हो! प्राचीन संस्कृतींत सिंधू संस्कृती निवडायची मुभा अभ्यासक्रमातच आहे, तरी जिकडेतिकडे इजिप्त, कारण ममी तयार मिळते.

खडूफळा

साध्यात जास्तीचं मिळतं ते असं, की विशेष तासिकांचा वेळ कुठून तरी कापलेला असतो. कुठून कापलाय ते विचारा. फोनिक्समधून (अक्षरांच्या उच्चारांवरून वाचन शिकवणं) कापला असेल तर पहिलीचा वर्ग मिळाल्यावर रडाल. दोन्ही कोर्सांची वेळापत्रकं मागवा, किती तास कशाला ते शेजारी ठेवून बघा. आणि प्रत्यक्ष शाळेतले 120 दिवस कुठल्या शाळांत देतात तेही विचारा. दोन्ही शाळा एकाच वस्तीतल्या मिळाल्या तर आरईचा भर कागदावरच राहील.

माझं मत बदललेलं नाही. पण वेळापत्रक मिळालं की इथे टाका.

नास्तिक_नाना

आणि ईस्टरचं जमलं तर तेही टाका. पोराने लायब्ररीतून परत येऊन तेच विचारलं होतं, मला सांगता आलं नव्हतं.