खिशात मावणारा टॅबलेट: मोबाइल इंटरनेटसाठी घ्यावा की नाही?

वाटसरू (धागाकर्ता):
घराबाहेर नेट वापरायचं म्हटलं की सगळे मोठ्यात मोठा फोन घेतात. मला हे पटत नाही. ज्यांचं वाचन, मेल, फॉर्म भरणं, कागदपत्रं बघणं हे सगळं बाहेर असतानाच होतं, त्यांनी फोन लहान आणि साधा ठेवावा. सोबत आठ-साडेआठ इंची टॅबलेट घ्यावा, तोही स्वतःचं सिम घेणारा.

कारण सांगतो. आपण स्क्रीन कर्णानं मोजतो आणि तिथंच फसतो. ६.७ इंची फोन उंच आणि अरुंद असतो, त्याच्या स्क्रीनचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस इंच भरतं. ८.३ इंची आयपॅड मिनीचं भरतं सुमारे ३२. कर्णात फरक दीड इंचाचा, पण जागा जवळपास दुप्पट. ए-४ आकाराची पीडीएफ उभ्या फोनवर उघडली की पान मूळ रुंदीच्या एक तृतीयांश होतं. १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं दिसतं. मग झूम करा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवा, पुन्हा डावीकडे या. छोट्या टॅबलेटवर तेच अक्षर साडेसहा पॉइंटचं दिसतं, आणि आडवा धरला तर दहाचं. एवढ्यानं वाचन सुसह्य होतं. असहमत असाल तर कारणासकट लिहा.

हिशेबी:
असहमत. शीर्षकातच घोळ आहे, हा टॅबलेट खिशात मावत नाही. आयपॅड मिनीची रुंदी जवळपास साडेतेरा सेंटीमीटर आहे. पॅन्टच्या कुठल्या खिशात जातो तो? कोटाच्या किंवा जाकिटाच्या मोठ्या खिशात जाईल, एरवी बॅग लागणार. आणि बॅग घ्यायचीच असेल तर दहा-अकरा इंची घ्या, कीबोर्ड लावून काम तरी होईल.

खिशातल्या टॅबलेटची कल्पना नवी नाही. नोकियानं २००५ मध्ये ७७० नावाचा ‘इंटरनेट टॅबलेट’ काढला होता. त्यात सिम नव्हतं, वायफाय होतं, नाहीतर ब्लूटूथनं फोन जोडून नेट घ्यायचं. रुंदी ७९ मिलिमीटर आणि स्क्रीन जेमतेम ४.१ इंच. सॅमसंगच्या एस-२४ अल्ट्रा फोनची रुंदीही ७९ मिलिमीटरच आहे, पण स्क्रीन ६.८ इंच. म्हणजे त्या टॅबलेटचं जे काम होतं ते फोननं कधीच उचललंय, त्याच रुंदीत. आता दुसरं यंत्र कशाला बाळगायचं?

अक्षरवेडी:
हिशेबी, तुम्ही खिसा मोजलात, डोळे नाही मोजले. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं की फोनवर अक्षर मोठं करावं लागतं. तेवढं मोठं केलं की एका ओळीत तीन-चार शब्द बसतात. आपले शब्द लांब, त्यात प्रत्यय चिकटलेले. दर दोन सेकंदांनी ओळ तुटते आणि वाक्याचा धागा हातातून सुटतो. माझं बहुतेक वाचन मराठीत आहे. छोट्या टॅबलेटवर मी सलग लेख वाचू शकते, फोनवर वाचवत नाही. हा चैनीचा प्रश्न नाही, वाचता येतं की नाही याचा प्रश्न आहे.

मात्र वाटसरूंनी एक गोष्ट सांगायला हवी होती. स्क्रीन फक्त मोठी असून भागत नाही, दाट हवी. ८.७ इंचावर १३४०×८०० पिक्सेल (चित्र बनवणारे ठिपके) असलेले टॅबलेट मिळतात, म्हणजे इंचाला १८० पिक्सेलसुद्धा नाहीत. मिनीला ३२६ आहेत. विरळ स्क्रीनवर बारीक अक्षरात द्ध, द्व, द्य सारखेच दिसतात, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. इंग्रजी वाचणाऱ्याला हे जाणवणारही नाही. घेण्याआधी त्यावर मराठी मजकूर उघडून बघा, नुसते फोटो आणि व्हिडिओ बघून ठरवू नका.

रात्रपाळी:
टॅबलेट घ्या, पण सिमवाला नको. फोनचा हॉटस्पॉट आहे की. वेगळा डेटा प्लॅन म्हणजे दर महिन्याचा खर्च, आणि सिमचं मॉडेल मुळात महाग.

वाटसरू:
अक्षरवेडी, स्क्रीनच्या दाटपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

रात्रपाळी, हॉटस्पॉट अधूनमधून लागणार असेल तर तुमचं बरोबर आहे. रोज तासन्‌तास लागणार असेल तर नाही. हॉटस्पॉट चालू असताना फोनला टॉवरशीही बोलायचं असतं आणि वायफायही पसरवायचं असतं, त्यामुळे बॅटरी भराभर उतरते आणि फोन तापतो. संध्याकाळी ज्या फोनवरून घरी कळवायचं तोच बंद पडलेला. शिवाय टॅबलेटला ते बऱ्याचदा साधं वायफाय वाटतं आणि तो अ‍ॅप अपडेट, फोटो बॅकअप सगळं मागच्या मागे सुरू करतो. अँड्रॉइडमध्ये ते नेटवर्क ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजका डेटा असलेलं) म्हणून नोंदवता येतं, आयपॅडमध्ये लो डेटा मोड आहे. हॉटस्पॉटवरच राहायचं असेल तर ही सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

आणखी एक. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, ते सिमच्या मॉडेलमध्येच येतं. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार फरक पडतो, म्हणून तपशील वाचून घ्या. नकाशासाठी टॅबलेट घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

हिशेबी:
डोळ्यांचा मुद्दा मी खोडत नाही, अक्षरवेडींच्या बाबतीत टॅबलेट रास्त आहे. पण धाग्यातला सल्ला सगळ्यांना दिलाय: फोन साधा ठेवा आणि नेट टॅबलेटवर न्या. हे धोक्याचं आहे.

बँकेचा ओटीपी येतो तो फोनच्या नंबरवर. टॅप करून पैसे देण्याची सोय बहुतेक टॅबलेटमध्ये नाही. व्हॉट्सअ‍ॅप टॅबलेटवर जोडता येतं, पण मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप लॉगआउट होतात. म्हणजे शेवटी सगळं फोनवरच टांगलेलं. फोन ‘साधा’ ठेवायचा म्हणजे अगदी ज्यावर पैशाचे व्यवहार चालतात तेच यंत्र जुनं आणि बिनअपडेटचं ठेवायचं. पैसे मोजायचे असतील तर ते फोनच्या सुरक्षा अपडेटसाठी मोजा.

टॅबलेटलाही तोच नियम लावा. लहान आकारात निवडीला मुळातच थोडे मॉडेल असतात, त्यामुळे लोक जुना माल उचलतात. पुढं किती वर्षं अपडेट मिळणार हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

पानोपानी:
घडीच्या फोनचा विषय कुणीच का काढला नाही? उघडला की साडेसात इंच, मिटला की खिशात, एकच सिम.

रात्रपाळी:
कारण त्याच्या किमतीत चांगला फोन आणि चांगला टॅबलेट दोन्ही येतात. आणि बिजागरी बिघडली तर दोन्ही एकदम जातात.

अक्षरवेडी:
सात-आठ इंच निरुपयोगी, असं फार मोठ्या माणसांनीही म्हणून झालंय. ऑक्टोबर २०१० मध्ये आयपॅड बनवणाऱ्या अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबलेट जन्मतःच मेलेले आहेत असं सांगितलं होतं. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांच्याच कंपनीनं ७.९ इंची मिनी आणला. त्यांचं म्हणणं होतं की सात इंचात बटणं बोटाला फार लहान पडतात. ती अडचण अ‍ॅप बनवणाऱ्यांनी सोडवली. डोळ्यांची अडचण मात्र अ‍ॅप सोडवू शकत नाही, तिला जागाच लागते.

नवा_गडी:
मी घ्यायच्या विचारात आहे म्हणून नेमकं विचारतो. माझा रोजचा प्रवास बराचसा उभ्यानं होतो, एका हातानं आधार धरून. उरलेल्या हातात हा धरून वाचता येईल का?

हिशेबी:
वाचता येईल, टाइप करता येणार नाही. तीनशे ग्रॅमच्या आसपास वजन आणि इतकी रुंदी, अंगठा मधल्या कळांपर्यंत पोचत नाही. आणि धक्का बसला तर हातातून पहिला तोच जाईल.

वाटसरू:
इथं हिशेबींशी सहमत. नवा_गडी, तुमचं नेट मुख्यतः उभ्यानंच वापरलं जाणार असेल तर माझा सल्ला तुमच्यासाठी नाही, फोनच घ्या. पोचल्यावर बसून अर्धा-पाऊण तास तरी वाचायला किंवा फॉर्म भरायला मिळणार असेल तर टॅबलेट घ्या, आणि मग सिमचाच घ्या. फोन साधा ठेवा या वाक्यात मी बदल करतो: फोन लहान चालेल, पण अपडेट मिळत असलेलाच हवा. हॉटस्पॉटवर भागेल असं अजूनही मला वाटत नाही.

रात्रपाळी:
मला अजूनही वाटतं. आधी महिनाभर हॉटस्पॉटवर चालवून बघायचं असेल तर कुणाचा तरी वायफायवाला टॅबलेट मागून घ्या, नवा घेऊ नका. वायफायच्या मॉडेलमध्ये नंतर सिम बसवता येत नाही.