आधी कपाटाचं कुलूप काढा

शाळेतल्या मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची, या इथल्या चर्चेत 'मोबाइल काढून घेतला की मुलं आपोआप वाचायला लागतील' असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. मोबाइल काढून घेतलेला मुलगा खिडकीबाहेर बघत बसतो, पुस्तक उचलत नाही. प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून घ्या, ही इथलीच दुसरी सूचना तर त्याहून वाईट. आम्ही वर्षभर करून पाहिलं. नववीची मुलं सगळ्यांत बारीक पुस्तक शोधायची आणि मलपृष्ठावरचा मजकूर वहीत उतरवून मोकळी व्हायची.

शाळेच्या ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटांबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. आणि आपण ते कुलपात ठेवतो! मी शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते तेव्हा परत आलेली पुस्तकं जागेवर न लावता दाराजवळच्या टेबलावर तशीच पडू दिली, खरं तर आळसापोटी. तर मधल्या सुट्टीत मुलं त्याच ढिगाभोवती. पुस्तक कुणी नेलं की शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडायचा; मुलं ती चिठ्ठी आधी बघायची, शिक्के जास्त दिसले की पुस्तक काखेत. कोपरे मुडपलेलं, शाईचा डाग पडलेलं पुस्तक नव्याकोऱ्याच्या आधी उचललं जायचं. अर्धवट वाचून परत आणलं तर 'का?' विचारायचं नाही, असा नियम मी स्वतःलाच घालून घेतला होता. तो पाळणं मुलांना वाचायला लावण्यापेक्षा जड गेलं.