ट्रॉमा म्हणजे आघात की धसका?

पाळणाघरातल्या ताया आणि पालक, दोघांनाही वाचता येईल असं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर (मनाला जखम करणारं काही सोसलेल्या पोरांना, ते ध्यानात ठेवून सांभाळणं) हे दर दोन ओळींनी येतं आणि मी तिथेच अडकलेय. एका ठिकाणी 'आघात-माहितीपूर्ण संगोपन' वाचलं, हसावं की रडावं कळेना. बरा शब्द सुचवा ना कुणीतरी.

--

माहितीपूर्ण लेख असतो हो, संगोपन कसं असेल! इथे इन्फॉर्म्ड म्हणजे जाण असलेलं. अमेरिकेतल्या साम्सा या मानसिक आरोग्याचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये याच्या चार बाजू सांगितल्यात, ट्रॉमाचा परिणाम किती खोल जातो ते उमगणं, त्याच्या खुणा ओळखणं, त्याप्रमाणे कामाची रीत बदलणं आणि आपल्या हातून पुन्हा तसलाच घाव होऊ न देणं. म्हणून 'आघाताची जाण ठेवून केलेलं संगोपन'. लांबलचक आहे, पण कळतं.

--

जाण पटलं. आघाताबद्दल मात्र थोडं अडतंय. ट्रॉमा ग्रीकमध्ये मुळात जखम, म्हणजे जे मागे राहतं ते, आणि आघात म्हणजे घाव घालणं, तो बाहेरून येतो. धक्का तर बसतो नि ओसरतो. धसका मात्र आत घर करून राहतो. दार आपटलं की तीन वर्षांचं पोर टेबलाखाली शिरतं, आपण म्हणतो नाटकी आहे, आणि त्याने कधीचा धसका घेतलेला असतो. आईबापांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

अवांतर: 'काय झालंय तुला?' हे आपण खेकसूनही विचारतो आणि जवळ घेऊनही. शब्द तेच, सगळा फरक सुरात. तायांच्या ट्रेनिंगमध्ये हे एवढं एक वाक्य दोन्ही सुरांत म्हणून दाखवलं तरी पुष्कळ झालं.

--

धसका छान, पण पुरत नाही. त्याला काहीतरी घडावं लागतं. ज्या बाळाकडे महिनोन्‌महिने कुणी बघितलंच नाही, त्याने कशाचा धसका घ्यायचा? ते रडतसुद्धा नाही आणि सगळे म्हणतात किती शहाणं बाळ. तिथे आघातच ठेवा.

--

बरं, शीर्षकात आघाताची जाण, आत जिथे भीती आहे तिथे धसका. आता कम्पॅशन फटीग, म्हणजे दुसऱ्यांचं दुःख सतत झेलून येणारा थकवा? त्याला 'माया आटणे' लिहिलं होतं.

--

नको नको, तो ताईवर आरोप होतो. माया आटलेली नसते, दिवसभर घाबरलेली पोरं सांभाळायची, त्यांच्या घरच्यांचं ऐकून घ्यायचं आणि स्वतःचं सांगायला कुणी नाही, मग जीव शिणतो. शीण म्हणा. शीण आला म्हटलं की निदान कुणीतरी विचारेल, तासभर सुट्टी देऊ का, तुझ्या जोडीला आणखी कुणी देऊ का.

--

शीण घेतला! को-रेग्युलेशनला, म्हणजे मोठ्या माणसाने स्वतः शांत राहून पोराला शांत व्हायला मदत करणं याला, 'समजूत काढणे' चालेल?

--

समजूत शब्दांनी काढतात, भेदरलेल्या पोराला शब्द ऐकूच जात नाहीत. आधी आपला श्वास संथ करायचा, मग त्याला जवळ येऊ द्यायचं, तेही त्याला हवं असेल तर. सरळ 'सोबतीने शांत होणं' लिहा.