अल्ट्रा ट्रेलसाठी जीपीएस घड्याळ: आधी बॅटरी की आधी अचूकता?

टेकडीवरचा_संथ:
नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी भेटणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहीजण यंदा पहिल्यांदाच ५० आणि १०० किलोमीटरच्या ट्रेल रेसला उतरून राहिले आहेत. शूज, जेल, हेडलॅम्प सगळं बोलून होतं आणि वाद शेवटी घड्याळावर येतो. माझं मत सरळ आहे. अल्ट्रासाठी (मॅरेथॉनपेक्षा लांब रेससाठी) भरवशाचं घड्याळ म्हणजे शेवटच्या चढावरही चालू असलेलं घड्याळ. बाकी सगळं नंतर.

खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. तो बहुतेक वेळा काटकसरीच्या मोडचा असतो. गार्मिन फोररनर २५५ घ्या. नुसत्या जीपीएसवर ३० तास, पण सगळ्या उपग्रह प्रणाली आणि मल्टिबँड (उपग्रहाचे दोन लहरींवरचे सिग्नल ऐकणं) चालू केलं की कंपनी स्वतःच १६ तास सांगते. आपल्यासारख्यांचे डोंगरातले १०० किलोमीटर काही २० तासांत होत नाहीत. त्यात रात्रभर स्क्रीनचा उजेड, फोनशी ब्लूटूथ, आणि दोन वर्षं वापरून थकलेली बॅटरी. म्हणून हिशोब असा: ज्या मोडमध्ये पळणार त्याच मोडचे तास बघायचे, आणि ते आपल्या अंदाजे वेळेच्या दीडपट हवेत. सुंतो व्हर्टिकल ड्युअल-बँडवर (मल्टिबँडचंच दुसरं नाव) ६० तास सांगते, कोरोस व्हर्टिक्स २ त्याच प्रकारात ५०. ही दोन्ही बसतात.

‘अल्ट्रा मोड आहे ना’ असं कोणी म्हणेल. त्या मोडमध्ये घड्याळ दर सेकंदाऐवजी मिनिटा-दोन मिनिटांनी जागा नोंदवतं. घाटातली वळणं मग सरळ रेषेत कापली जातात आणि अंतर कमी भरतं. सोलर, म्हणजे उन्हावर चार्ज होणाऱ्या घड्याळांच्या आकड्यांनाही अट असते. गार्मिन त्यासाठी ५०,००० लक्स उजेड धरते. आपण उन्हात पूर्ण बाह्यांचं घालून पळणार, घड्याळ बाहीखाली. पावसात आणि रात्री तर प्रश्नच नाही.

सागवान:
दादा, आदर ठेवून विरोध. ६० तास चुकीचा ट्रॅक काढणारं घड्याळ घेऊन काय करू?

ड्युअल फ्रिक्वेन्सी, म्हणजे तेच मल्टिबँड, ही नुसती जाहिरात नाही. जुनी घड्याळं फक्त एल-१ लहरी ऐकतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. नवी सोबत एल-५ पण ऐकतात, ११७६.४५ वर. दरीत सिग्नल कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं आपण भलतीकडे आहोत. एल-५ चा सिग्नल असा बनवलाय की थेट आलेला आणि आपटून आलेला वेगळा काढणं सोपं जातं. फुटाळा तलावाच्या काठावर हा फरक कधीच दिसणार नाही, तिथे आभाळ मोकळं आहे. पेंचच्या जंगलाच्या बाजूला पावसाळ्यात जा. ओल्या सागाची पानं डोक्यावर असली की साधं घड्याळ कसं वाहवत जातं ते बघा. आणि सिंहगड-राजगड-तोरणासारख्या धारेवर दोन वाटा १५ मीटरवर फुटतात. तिथे बॅटरी उरली म्हणून वाट सापडत नाही.

टेकडीवरचा_संथ:
सागवान भाऊ, धारेवर वाट चुकली तर ट्रॅकवरून बाहेर पडल्याची सूचना देणारं घड्याळ हवं. साधं जीपीएसही तेवढं पन्नास-साठ पावलांत सांगतं. तुझा सगळा युक्तिवाद रेस संपल्यावर नकाशावर दिसणाऱ्या रेषेच्या देखणेपणाचा आहे.

सागवान:
रेषेचा नाही, कट-ऑफचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पोचण्याचा. घड्याळ अंतर कमी-जास्त दाखवत गेलं की पुढचा एड स्टेशन (खाण्या-पाण्याचा थांबा) किती लांब हेच कळत नाही. पाणी किती भरायचं त्यावर ठरतं ना!

कॅसिओवाला_काका:
तुम्ही दोघंही दुकानदाराचेच वकील. अमेरिकेतल्या बार्कली मॅरेथॉन्समध्ये जीपीएस घड्याळाला मनाईच आहे. आयोजक प्रत्येकाला एक स्वस्तातलं घड्याळ देतात, त्यात फक्त रेसची वेळ. कागदी नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात जायचं. जॅस्मिन पॅरिस २०२४ मध्ये तशीच पळाली आणि ६० तासांच्या मुदतीत ५९ तास ५८ मिनिटं २१ सेकंदांत आली. पूर्ण करणारी पहिली बाई. युरोपातल्या यूटीएमबी या मोठ्या डोंगरी अल्ट्राच्या सक्तीच्या सामानातही मोबाइल आणि हेडलॅम्प आहेत, जीपीएस घड्याळ नाही.

फोनमध्ये ऑफलाइन नकाशा, विमान मोड, खिशात पॉवर बँक. मनगटावर हजार-पंधराशेचं कॅसिओ. उरलेल्या पैशात दोन जोड चांगले शूज, आणि रेसच्या गावाला आठ दिवस आधी जाऊन रस्ता बघून या.

पहाटे_पाच:
काका, बार्कलीला जाणाऱ्यांना नकाशा वाचता येतो. आपल्यातल्या किती जणांना येतो, त्यांनी हात वर करा.

फोनचं म्हणाल तर पावसात ओल्या बोटांनी तो उघडून दाखवा. रात्री दोन वाजता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि मी फोन काढून नकाशा मोठा करत बसू? एकटी बाई असताना फोनचं चार्ज मी मदतीच्या कॉलसाठी राखते. वाट चुकल्यावर मनगट थरथरतं, तेवढ्यासाठी मी पैसे मोजते. त्यातही बटणांचं घड्याळ घ्या. नुसती टचस्क्रीन पावसात स्वतःच्या मनाने पानं उलटते.

आणि तुमच्यापैकी कोणी बोललं नाही ते मी बोलते. ही ‘लांब टिकणारी’ घड्याळं ५० मिलिमीटरच्या आसपास आणि ७० ते ९० ग्रॅमची. माझ्या मनगटावर ती हलत राहतात. मागचा सेन्सर त्वचेपासून सुटला की हृदयाचे ठोके सोडून पावलांची लय मोजतो. उतारावर १७५ दाखवतं आणि आपण घाबरून चालायला लागतो. ठोके बघून पळायचं असेल तर छातीचा पट्टा घ्या. घड्याळ आपल्या मनगटापुरतं घ्या, तास थोडे कमी असले तरी चालतील.

टेकडीवरचा_संथ:
ताई, मग रात्रीचं काय? १६ तासांनी बंद पडलेलं घड्याळ थरथरणार कसं?

पहाटे_पाच:
एड स्टेशनला पोहे खाते तेव्हा पॉवर बँकेला लावते. नोंद चालू राहते. घाम पुसून लावायचं, नाहीतर पिना खराब होतात. आपलं घड्याळ चार्ज होताना ट्रॅक चालू ठेवतं का, हे मात्र घरी आधी करून पाहायचं.

झिरो_माइलवाला:
बॅटरी आणि सिग्नलवर एवढं युद्ध, उंचीबद्दल कोणीच नाही! अल्ट्रामध्ये अंतरापेक्षा चढ मारतो. जीपीएसवरून काढलेली उंची कच्ची असते, म्हणून बॅरोमीटर असलेलंच घ्या. पण तो हवेचा दाब मोजतो. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की घड्याळाला वाटतं आपण साधारण साडेआठ मीटर चढलो. आपल्याकडे स्वच्छ हवेतही सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दाब तीन-चार हेक्टोपास्कल उतरतो. म्हणजे झाडाखाली झोपून तुम्ही २५-३० मीटर चढता. बरीच घड्याळं हे आपोआप दुरुस्त करतात, सगळी सारखी नाही.

नागपूरकरांना एक सोय आहे. झिरो माइलच्या जीटीएस (ब्रिटिशकालीन भूमापन मोहीम) दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे, म्हणजे ३११ मीटरला जरा कमी. तिथे उभं राहून उंची हाताने टाका. ब्रिटिशांनी मोजून ठेवलं, आपण वापरू. आणि परत आल्यावर सेन्सरचं छिद्र साध्या पाण्याने धुवा. चिखल बसला की चढ मोजणं बंद.

कॅसिओवाला_काका:
पाहा, आता दगड पण लागला!

उन्हाळी_पांढरा_रुमाल:
काका, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण कारण वेगळं सांगतो. भरवसा फक्त तासांचा नसतो. २०२० च्या जुलैमध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला, कनेक्ट अ‍ॅप काही दिवस बंद होतं. घड्याळं पळणं नोंदवत होती, पण रेसचा रूट आदल्या रात्री अ‍ॅपमधून टाकायचा बेत असता तर अडकलो असतो. म्हणून रूट आठवडाभर आधी घड्याळात, आणि त्याची एक प्रत फोनमध्ये. हा नियम सगळ्या ब्रँडना.

दुसरं, आपलं ऊन. बऱ्याच घड्याळांच्या माहितीपत्रकात चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस लिहिलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच तेवढं होतं. बंद कारच्या डॅशबोर्डवर घड्याळ चार्जिंगला ठेवणारे लोक मी धरमपेठेत रोज पाहतो, आणि तेच मग ‘कंपनी बेकार’ म्हणून बोंबलतात. दुरुस्तीला घड्याळ कुठे पाठवावं लागतं, किती दिवस लागतात, बदली तुकडा मिळतो का, हे सीताबर्डीच्या दुकानात पैसे द्यायच्या आधी विचारा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवलं तर वॉरंटी इथे चालते का, तेही.

नवा_गडी:
मी पहिल्यांदा ५० किलोमीटर करणार आहे. कट-ऑफ १२ तास, बजेट ३५-४० हजार. मनगट बारीक. राजेहो, एक वाक्यात सांगा ना.

टेकडीवरचा_संथ:
मल्टिबँडवर किमान १८ तास देणारं घे. पुढच्या वर्षी तू १०० ला जाणारच, तेव्हा पुन्हा खर्च नको.

सागवान:
फोररनर २५५ घे. १२ तासांना मल्टिबँडचे १६ तास पुरेसे आहेत. पूर्ण नकाशा नाही, ट्रॅकची रेषा दिसते, तेवढी बस. बॅरोमीटर आहे, बटणं आहेत. १०० चं १०० ला बघू.

पहाटे_पाच:
सागवानचं ऐक, पण आधी दुकानात मनगटावर घालून हात झटकून बघ. हललं तर लहान आकाराचं घे आणि त्याचे तास वेगळे विचार, ते कमी असतात.

कॅसिओवाला_काका:
१२ तासांच्या रेसला ४० हजार! बेटा, माझं कॅसिओ घेऊन जा, परत आणून दे.