रेक्सहॅमचं नाव घेऊन तालमी मोडायला निघालेल्यांना

उजवा बॅक
काल रात्री वेल्समधल्या रेक्सहॅम या फुटबॉल क्लबवरून 'रंकाळा काठ' यांनी लिहिलंय: "रेक्सहॅमला दोन नट मिळाले, पैसा आला, क्लब वर गेला. कोल्हापुरातही पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ मोडा, शहराचा एकच क्लब करा, एक मोठा पैसेवाला आणा. पेठांच्या ईर्षेनं आपला फुटबॉल जागच्या जागी कुजला." खाली दीडशे लोकांनी 'बरोबर' म्हटलंय. मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जातोय, त्यातली सहा आतून खेळलोय. मला हे बरोबर वाटत नाही.

रेक्सहॅमची गोष्ट तुम्ही २०२१ पासून सांगताय. ती तिथं सुरू होत नाही. २००८ ला हा क्लब इंग्लंडच्या लीगच्या चौथ्या पायरीवरून पाचव्या पायरीवर, म्हणजे आताच्या नॅशनल लीगमध्ये घसरला. २०११ च्या ऑगस्टमध्ये अशी वेळ आली की अनामत रक्कम भरल्याशिवाय हंगामच खेळता येईना. गावातल्या लोकांनी एका दिवसात लाखावर पौंड गोळा केले. त्यानंतर समर्थकांच्या ट्रस्टनं क्लब ताब्यात घेतला आणि जवळपास दहा वर्षं चालवला. २०११-१२ च्या हंगामात ९८ गुण मिळवले तरी वर गेले नाहीत, कारण थेट वर जायला जागा एकच आणि ती फ्लीटवूडनं नेली. पुढच्या वर्षी वेम्बलीवर एफए ट्रॉफी जिंकली, आणि त्याच वेम्बलीवर बढतीची फायनल हरले. तरी लोक येत राहिले. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन नटांना क्लब द्यायचा का, यावर या ट्रस्टच्या सभासदांनी मत दिलं, तेव्हा शंभरातले अठ्ठ्याण्णव 'हो' म्हणाले. म्हणजे मालक नटांनी निवडला नाही, गावानं निवडला. त्या दहा वर्षांत लोकांनी हात टेकले असते तर नटांना विकत घ्यायला तिथं काय उरलं असतं?

अजून एक. १९३४ ला रेक्सहॅमजवळच्या ग्रेसफर्ड खाणीत स्फोट होऊन २६६ माणसं गेली. त्या रात्री खाणीत नेहमीपेक्षा जास्त लोक होते, कारण शनिवारी दुपारची मॅच बघायला मिळावी म्हणून अनेकांनी पाळ्या बदलून घेतल्या होत्या. मॅचसाठी पाळी बदलणारी माणसं मी शिरोली एमआयडीसीत रोज बघतो. असं गाव एखादा पैसेवाला उभं करत नाही. आपल्याकडं ते आधीच आहे, तालमींमुळं आहे. तेच मोडायचं म्हणता?

रंकाळा काठ
तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. पण हिशेब बघा. समर्थकांच्या हातात क्लब होता त्या काळात एकदाही बढती नाही. पैसा आला आणि पहिल्या पूर्ण हंगामात दुसरा नंबर, पुढच्या हंगामात १११ गुण. वरच्या पाच पायऱ्यांत एवढे गुण तोवर कुणी मिळवले नव्हते. पॉल मुलिन २०२०-२१ मध्ये केंब्रिजकडून चौथ्या पायरीवर ३२ गोल करून आला होता, केंब्रिज वर गेलं होतं आणि हा दोन पायऱ्या उतरून रेक्सहॅमला आला. गावाच्या प्रेमापोटी आला का? मग २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं बढती. सलग तीनदा वर जाणं त्या पाच पायऱ्यांत आधी कुणाला जमलं नव्हतं.

आणि आपलं काय? शाहू स्टेडियमवर जिंकलेला संघ पुढच्या वर्षी कुठं खेळतो? शाहू स्टेडियमवरच. पाटाकडील जिंको, दिलबहार जिंको, प्रॅक्टिस जिंको, खंडोबा जिंको. ए डिव्हिजनच्या वर शिडीच नाही. २०२३ पासून देशपातळीवरची, खालच्या पायरीची आय-लीग ३ सुरू झाली. खालून वर जायचा रस्ता आहे, आणि आपण पेठेच्या बाहेर बघत नाही. मला हे बघवत नाही म्हणून लिहिलं.

उजवा बॅक
शिडी नाही हे मान्य. त्यात तालमींचा दोष काय? शिडी लावायचं काम संघटनेचं.

आणि १११ गुण म्हणताना नॉट्स काउंटी या क्लबला विसरू नका. त्याच हंगामात त्यांनी १०७ केले, त्यांच्या लँगस्टाफनं एकट्यानं ४२ गोल मारले, तरी दुसरेच. १० एप्रिल २०२३ ला दोघं समोरासमोर आले तेव्हा दोघांचेही बरोबर शंभर गुण होते. रेक्सहॅम ३-२ नं पुढं, भरपाईचा वेळ चालू, आणि नॉट्सला पेनल्टी. गोलमध्ये बेन फॉस्टर. निवृत्त होऊन घरी बसलेला चाळीस वर्षांचा माणूस, क्लबचा गोलकीपर जखमी झाला म्हणून अडीच आठवड्यांपूर्वी बोलावलेला. त्यानं उजवीकडं झेप घेतली आणि अडवली. पहाटेपर्यंत ती क्लिप मी किती वेळा बघितली असंल. पैशानं संघ येतो, ती झेप पैशानं येत नाही.

गॅलरी पूर्व
दोगंबी रेक्सहॅमात अडकलाय. हितलं बोला की. पैसा आपल्याकडं यायचाच बाकी हाय का? आला न्हवं का! परदेशी खेळाडू कोण आणतंय? चषकाची बक्षिसं बगा, संघांचा खर्च बगा. आणि त्या पैशानं कुणाचं भलं झालं?

माझा पुतण्या. नाव सांगत न्हाई, तालीम बी सांगत न्हाई. शाळेच्या संघातनं आला, डाव्या पायानं कॉर्नर असा मारायचा की बॉल पोस्टाजवळ आत वळायचा. तालमीनं घेतला. आम्ही पेढं वाटलं. तीन हंगाम त्यो बेंचवर. त्येच्या जागी बाहेरनं आलेला खेळाडू. तिसऱ्या वर्षी एका मॅचला शेवटची सात मिन्टं मिळाली. त्या सात मिन्टासाठी त्येचा बाप, म्हंजे माझा थोरला भाऊ, दुकान बंद करून आला होता. आता पोरगं कुरिअरच्या गाडीवर हाय. तालमी वाचवा म्हणताय, पर तालमीनं पेठंचं पोरगं वाचवलं का?

उजवा बॅक
दादा, हे वाचून वाईट वाटलं. पण एका पोराचं झालं म्हणून...

गॅलरी पूर्व
एका पोराचं? तुमी सहा वर्सं खेळला तवा बेंचवर कोण कोण होतं, आठवतंय का? खेळणाऱ्याला बेंच दिसत नस्तंय.

उजवा बॅक
हे बोलणं मला लागलं. मी कुणाचं पोरगं बसवलं नाही. मी जागा मिळवली होती, दोन वर्षं वाट बघून.

पुण्यातला कोल्हापूरकर
परदेशी खेळाडूंना एवढं धरू नका. त्यांच्याबरोबर सराव केला की आपल्या पोरांना अंगाला अंग लावून खेळायची सवय होते. ऐझॉलचं उदाहरण घ्या. मिझोरामचा गावठी क्लब म्हणायचे लोक. २०१५ ला दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला, पुढच्याच हंगामात खाली गेला, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळं परत घेतला गेला आणि २०१६-१७ ला खालिद जमीलच्या हाताखाली आय-लीगच जिंकला. संघात मिझो पोरांचा भरणा होता, पण मधल्या फळीत सीरियाचा अल अमना होता आणि लायबेरियाचा जार्यान होता. बाहेरचे दोन-तीन आणि गावचे बाकीचे, तरच जमतं.

आणि खरं सांगायचं तर पोरगं कोल्हापुरातून वेळेत बाहेर पडलं पाहिजे. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण तो घडला तो लहानपणी घर सोडून पुण्याला गेल्यावर.

गॅलरी पूर्व
म्हंजे घर सोडायचं आणि मग आमी स्टेटस ठेवायचं. ऐझॉलच्या पोरांना घर सोडाय लागलं न्हाई, हे तुमीच वर लिवलंय. आमच्यात त्ये दोन-तीन न्हाईत, मोक्याच्या सगळ्या जागा त्येंच्याच. गोल त्येंनी मारायचं, आमच्या पोरांनी थ्रो-इन घ्यायचं. परदेशी खेळाडूवर माझा राग न्हाई, त्यो बिचारा पोटासाठी सातासमुद्रापलीकडनं आलाय. राग हाय त्यो एका चषकासाठी पेठंचं पोरगं विसरणाऱ्यांवर.

रंकाळा काठ
माझा मुद्दाही हाच. पेठेची ईर्षा म्हणूनच हे होतं. समोरच्या तालमीला या हंगामात हरवायचंय, मग पोरगं घडवायला पाच वर्षं कोण थांबणार? शेवटी गॅलरीत बाटल्या फेकायच्या आणि मॅच थांबवायची.

उजवा बॅक
ईर्षा नसती तर एका शहरात ए डिव्हिजनचे सोळा संघ उभे राहिले असते का? बाटल्या फेकणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, कधीच घेतली नाही. पण तुम्ही ज्या एकाच क्लबचं स्वप्न बघताय त्याच्या सामन्याला कोण येईल सांगा. माझे वडील मरायच्या आधी दवाखान्यात होते. शुद्धीवर आले की पहिला प्रश्न तालमीच्या निकालाचा. शहराच्या क्लबसाठी कोण असं विचारणार? तो रुजायला दोन पिढ्या जातील.

तालमीची लेक
मघापासून वाचतेय. सगळे पोरगं, पोरगं. शहराच्या नावाचा क्लब म्हणजे स्वप्न नाही, तो होऊन गेलाय. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन विमेन्स लीग खेळून आल्या. देशपातळीवर, कोल्हापूरचं नाव छातीवर लावून. तुमच्यापैकी किती जणांनी एक तरी मॅच बघितली?

माझा जन्म तालमीच्या समोरच्या बोळातला. भाऊ मैदानात, मी माडीवरून बघायचे. नववीत असताना मुलींबरोबर मैदानावर गेले तर पोरं म्हणाली, आमची प्रॅक्टिस झाल्यावर या. त्यांची प्रॅक्टिस अंधार पडल्यावर संपायची.

आणि उजवा बॅक, तुम्ही बेन फॉस्टरची पेनल्टी सांगितलीत. त्याच्या पंधरा दिवस आधी, २६ मार्चला, त्याच रेसकोर्स ग्राउंडवर रेक्सहॅमच्या मुलींची मॅच झाली. प्रेक्षक ९,५११. वेल्सच्या लीगमधला विक्रम. त्याच हंगामात त्या मुलींनीही बढती मिळवली. एकाच गावातून एका वर्षात दोन संघ वर गेले. तुमच्या दोघांच्या लिखाणात त्यातला एकच आहे.

उजवा बॅक
हे मला माहीत नव्हतं. एफसी कोल्हापूर सिटीची मॅच मी बघितलेली नाही. तेवढ्यानं तालमी मोडा हे पटत नाही, पण तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

तालमीची लेक
मोडा असं मी म्हटलंच नाही. मैदान द्या म्हटलं. आठवड्यातले तीन दिवस, उजेड असताना. तालमी आहेत तशा राहू देत, त्यांच्या पोरापोरींतून निवडून शहराचा संघ वरच्या लीगला पाठवा. तालमीचा हंगाम वेगळा, शहराचा वेगळा.

पुण्यातला कोल्हापूरकर
हे जमण्यासारखं आहे. फक्त निवड समितीत कोण, यावर पहिले सहा महिने भांडण होईल.

रंकाळा काठ
झालं तर होऊ दे. 'मोडा' हा शब्द मी मागे घेतो. रागात लिहिला होता, मागच्या मॅचला लेकाला घेऊन गेलो होतो आणि दगडफेक सुरू झाली म्हणून त्याला उचलून पळावं लागलं. आठ वर्षांचा आहे, आता यायला नको म्हणतो. पण शहराचा संघ हवा, हे मागे घेत नाही.

उजवा बॅक
दगडफेकीचं आधी सांगितलं असतंत तर मी एवढं चढून लिहिलं नसतं. तालमीचा म्हणून मला त्याची लाज वाटते. लेकाला एकदा सकाळच्या सरावाला आणा, तेव्हा गर्दी नसते.

गॅलरी पूर्व
रविवारी सकाळी सातला गांधी मैदानावर या दोगं. पुतण्या पोरापोरींना शिकवतोय. कुरिअरला सुट्टी असती त्या दिवशी. आता सतरा जण येत्यात, त्यात पाच पोरी. बॉल तीनच हाईत, एक घेऊन या.