प्रतिजैविके घेतल्यानंतर जिवाणूचाच आजार कसा होतो?

आभा: माझ्या वडिलांना न्यूमोनियासाठी दहा दिवस प्रतिजैविके देण्यात आली. छाती बरी झाली, परंतु आठवड्याभरातच त्यांना पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि तपासणीत ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ हा जिवाणू सापडला. जिवाणू मारणाऱ्या औषधानंतर जिवाणूचाच आजार व्हावा, हे मला उमगत नाही. उपचार सुरू आहेत, पण आजार उलटू शकतो असे डॉक्टरांनी सांगितल्याने फार काळजी वाटते. त्यांना प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू असलेल्या, गोळ्या द्याव्यात का?

सूक्ष्मदर्शी: आभाताई, वडिलांना लवकर आराम पडो. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला; त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून ते ब्युटिरेट तयार करतात, ज्यावर आतड्याच्या अस्तरातील पेशी जगतात. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे (पचनाला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांचे) रूपही हे जिवाणू बदलतात, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे येथेच आहे. मूळ पित्ताम्लांमुळे डिफिसिलचे बीजाणू (त्याची कठीण कवचातली सुप्त रूपे) रुजतात, तर बदललेली पित्ताम्ले त्याची वाढ रोखतात. प्रतिजैविकाला फुप्फुसातला शत्रू आणि आतड्यातला रहिवासी यांत फरक करता येत नाही. रहिवासी मेले की पित्ताम्लांचे रूपांतर थांबते, जागा आणि अन्न मोकळे होते, आणि औषधाला न जुमानणारे बीजाणू रुजून आतड्याला इजा करणारी विषे सोडू लागतात. सुमारे पाचांपैकी एका रुग्णात आजार उलटतो, कारण उपचारानंतरही बीजाणू उरतात आणि जुनी वस्ती परतायला वेळ लागतो.

म्हणूनच वारंवार उलटणाऱ्या आजारात निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार पुढे आला. ऐकताना किळस वाटते, परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत अशा १६ पैकी १३ रुग्णांचा आजार पहिल्याच वेळी थांबला, तर केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३ पैकी चौघांचाच. दात्याची कसून तपासणी लागते. हा घरी करण्याचा प्रयोग नव्हे.

एक गोष्ट मात्र आजच करा: शौचालय वापरल्यावर आणि वडिलांची शुश्रूषा केल्यावर सर्वांनी साबणाने व वाहत्या पाण्याने हात धुवावेत. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने हे बीजाणू मरत नाहीत.

निरंजन: वरील विवेचनाला एक जोड देतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी जठरातील व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले, त्यासाठी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः तो जिवाणू प्राशन केला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही हा जिवाणू बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांना व्रण कधीच होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस अनेकांच्या नाकात निमूटपणे राहतो, आणि तोच जखमेतून रक्तात शिरला तर जीवावर बेततो. त्यामुळे एखाद्या जिवाणूचे नुसते नाव वाचून घाबरू नये. तो कोठे आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हेही पाहावे लागते.

वैद्यकीय वाचक: प्रोबायोटिकबद्दल घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात, प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातील मूळ वस्ती, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा पूर्ववत झाली. अभ्यास लहान होता आणि निरोगी लोकांवर होता, म्हणून त्यावरून सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. परंतु ‘निदान अपाय तरी होत नाही’ हे गृहीतही धरता येत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत या गोळ्यांतील जिवाणू क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जुलाब थांबवणारी गोळीही स्वतःहून देऊ नका.

आभा: सर्वांचे मनापासून आभार. घरात आम्ही सॅनिटायझरवरच विसंबून होतो. आजपासून बेसिनपाशी साबण ठेवला आहे. प्रोबायोटिकचा प्रश्न उद्याच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे मांडेन.