मदत हवी आहे: डेक्स्डमध्ये पेटीचा आवाज बनवतोय, तार सप्तकात कर्कश होतो

काळीदोन:
नमस्कार मंडळी. डेक्स्ड या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये पेटीचा आवाज बनवतोय. यामाहाचा १९८३ चा डीएक्स७ सिंथेसायझर ज्यांनी हाताळलाय त्यांना वेगळं सांगायला नको: तेच ६ ऑपरेटर (आवाजाच्या लहरी बनवणारे भाग), तेच ३२ अल्गोरिदम (ते भाग एकमेकांना जोडायच्या पद्धती), फक्त लॅपटॉपवर. "तयार सॅम्पल (खऱ्या पेटीचं रेकॉर्डिंग) घे की" असं कृपया कोणी सुचवू नका. लॅपटॉप जुना आहे आणि मुळात मला स्वतः बनवायचाय.

इनिट दाबून कोऱ्या आवाजापासून सुरुवात केली. अल्गोरिदम ५ घेतला, म्हणजे दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या: जोडीतला एक (कॅरियर) ऐकू येतो, दुसरा (मॉड्युलेटर) त्याचा रंग बदलतो. पेटीतल्या रीडच्या तीन संचांसारखं: १-२ ची जोडी नर (रेशो, म्हणजे दाबलेल्या सुराच्या किती पट: १), ३-४ खर्ज (०.५, एक सप्तक खाली), ५-६ मादी (२, एक सप्तक वर). प्रत्येक जोडीत मॉड्युलेटरचा रेशो कॅरियरइतकाच. व्हेलॉसिटी सगळीकडे शून्य, कारण पेटीची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तोच. फीडबॅक (ऑपरेटरचा आवाज त्यालाच परत देणं) ७.

मंद्र आणि मध्य सप्तकात झकास. डोळे मिटून ऐकलं तर घरातले फसतात. पण तार सप्तकात गेलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. इक्वलायझरने वरचं कापलं तर खालचाही सगळा मजा जातो. काय करू?

खर्जसाधक:
आधी एक करून बघा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) ४४,१०० वरून ९६,००० करा. कर्कशपणा एकदम कमी झाला तर दुखणं एलियासिंगचं, म्हणजे वरचे न मावणारे सूर दुमडून खाली येण्याचं.

तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय. अल्गोरिदम ५ मध्ये फीडबॅक फक्त ऑपरेटर ६ ला असतो, आणि तुम्ही तिथे नेमकी मादी बसवलीत. १०४७ हर्ट्‌झचा सूर धरलात की मादी २०९३ वर वाजते. तिचा पंधरावा हार्मोनिक (पंधरा पट उंच उपसूर) ३१,३९५ वर. ४४,१०० सॅम्पल रेटमध्ये २२,०५० च्या वर काही मावत नाही, म्हणून तो दुमडून १२,७०५ वर येतो. हा आकडा २०९३ च्या कुठल्याच पटीत बसत नाही, म्हणजे बेसूर. फीडबॅक ७ वर असे कितीतरी हार्मोनिक निघतात.

तर ५-६ वर खर्ज आणा, मादी ३-४ वर न्या. फीडबॅकचा खरखरीतपणा खर्जालाच शोभतो.

काळीदोन:
वा! अदलाबदल केली, निम्मा त्रास गेला. ९६,००० ला लॅपटॉप मात्र धापा टाकतो, तेव्हा ते नको. उरलेल्या निम्म्याचं काय?

खर्जसाधक:
कीबोर्ड लेव्हल स्केलिंग, म्हणजे पट्टीनुसार ऑपरेटरची पातळी बदलणं. प्रत्येक ऑपरेटरच्या चौकोनात तो छोटा आलेख दिसतो ना, तोच. तीनही मॉड्युलेटरना (२, ४, ६) ब्रेकपॉइंट (जिथून बदल सुरू होतो ती पट्टी) सी३ ठेवा, उजवीकडचा कर्व्ह उणे एक्स्पोनेन्शियल, राइट डेप्थ (उजवीकडे किती कमी करायचं) २० पासून चढवत न्या. कॅरियरना हात लावू नका, नाहीतर आवाजच बारीक होईल. वर जाल तसं मॉड्युलेशन कमी, म्हणजे सूर साधा होत जातो. खऱ्या पेटीतही वरचे सूर खालच्यांइतके भरदार नसतातच.

सर्किटवाला:
आगाऊपणा वाटेल, पण भात्याचं काय? भाता नसेल तर ती पेटी नाही, ऑर्गन झाला.

मॉड व्हीलला (कीबोर्डच्या डावीकडचं चाक) ईजी बायस, म्हणजे चाकाने ऑपरेटरची पातळी कमी-जास्त करणं, जोडा (वरच्या पार्म बटणात सापडेल). मग कॅरियरची अँप मॉड सेन्सिटिव्हिटी (चाकाचा परिणाम किती) ३ आणि मॉड्युलेटरची १ किंवा २ करा. व्हील खाली असताना आवाज जवळपास बंद, वर नेलं की उघडतो, आणि उघडताना नुसता मोठा न होता धारदारही होतो. डावा हात भात्यावर असल्यासारखा व्हीलवर ठेवायचा. आमच्याकडे एक पायपेटी वाजवणारे काका आहेत, त्यांनी फूट कंट्रोलर मागितला. तोही त्याच ठिकाणी जोडता येतो.

काळीदोन:
भात्याचं डोक्यातच नव्हतं, आज रात्री बसतो. आवाज जमला की फाइल इथे टाकीन. ३२ आवाजांची पूर्ण कार्ट टाकू की एकटाच आवाज?

खर्जसाधक:
कार्टच टाका. आधी स्टोअर दाबून आवाज कार्टमध्ये बसवा, मग ती सिसेक्स फाइल (सिंथेसायझरची सेटिंग साठवणारी) म्हणून सेव्ह करा. ज्यांच्याकडे खरा डीएक्स७ आहे त्यांनाही मिडी केबलवरून चढवता येईल.